गुल्फमर्म आणि चिनी सुई

टाच दुखते, तळवा जळतो, घोट्याच्या आतल्या बाजूने मुंग्या निघून अंगठ्यापर्यंत जातात, रात्री अंथरुणावर पडल्यावर पाय पांघरुणाबाहेर काढावासा वाटतो, अशी तक्रार सांगणारा रुग्ण मुंबईच्या उपनगरांत व्यवसाय करणाऱ्या वैद्याला नवा नाही. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत जाड बूट घालून दिवसभर उभा राहणारा सुरक्षारक्षक, घाटकोपरच्या कापडदुकानातील विक्रेता, मुलुंडच्या शाळेतील शिक्षिका, बोरिवलीहून रोज उभ्याने चर्चगेट गाठणारा कारकून, हे सारे याच तक्रारीचे धनी. बहुधा असा रुग्ण आपल्याकडे येण्यापूर्वी औषधालयातून दोनतीन तेले, एखादे मलम आणि टाचेखाली ठेवायची सिलिकॉनची गादी घेऊन झालेला असतो. अलीकडे त्यात आणखी एका वाक्याची भर पडली आहे : 'अॅक्युपंक्चरसुद्धा करून पाहिले.' आपल्यापैकी काही व्यवसायबंधू तर एखादा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण करून स्वतःच चिनी सुया हाताळू लागले आहेत. 'मर्म आणि अॅक्युपंक्चरचे बिंदू एकच. मग वैद्याने वेगळे शिकण्याचे कारण काय?' हा प्रश्न आपल्या चर्चांतून वारंवार पुढे येतो.

घोट्यातील मज्जातंतूवर येणाऱ्या दाबाच्या, म्हणजे आधुनिक वैद्यकाच्या भाषेत टार्सल टनेल सिंड्रोमच्या, अनुषंगाने प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. सुई वापरण्यास आमचा विरोध नाही. परंतु या जागी सुईपूर्वी बोटाने करावयाची तपासणी टाळली तर रुग्णाला कायमचे अपंगत्व येऊ शकते, आणि हे आम्ही यत्किंचितही अतिशयोक्ती न करता म्हणत आहोत.

प्रथम त्या जागेची रचना पाहू. घोट्याच्या आतल्या बाजूचे हाड आणि टाचेचे हाड यांच्यामध्ये तंतुमय पट्टा ताणलेला असतो. त्याच्याखाली जो अरुंद मार्ग तयार होतो तो टार्सल टनेल. शवविच्छेदनाच्या वेळी आपण सर्वांनी पाठ केलेला क्रम आठवावा : पुढून मागे टिबिअॅलिस पोस्टेरिअर, फ्लेक्सर डिजिटोरम लाँगस, धमनी व सिरा, पोस्टेरिअर टिबिअल नर्व्ह आणि सर्वांत मागे फ्लेक्सर हॅल्युसिस लाँगस. एवढ्याशा जागेत तीन कंडरा, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. त्यातले काहीही सुजले, वाढले किंवा ताणले गेले की सर्वांत आधी तक्रार करतो तो मज्जातंतू. गँगलियनची गाठ, फुगलेल्या सिरा, कंडरांच्या आवरणाचा शोथ, घोट्याचा जुना अस्थिभंग, सपाट तळवा ही त्याची नेहमीची कारणे. या विकाराला आजचे नाव मिळाले ते १९६२ साली. केक आणि लॅम या दोघांनी त्या एकाच वर्षी स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले.

आपल्या ग्रंथांत या नावाचा रोग नाही. तो शोधून काढण्याचा अट्टहासही करू नये. मात्र त्या प्रदेशाचे वर्णन आहे आणि ते विलक्षण आहे. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात पाय आणि जंघा यांच्या संधिस्थानी गुल्फ नावाचे मर्म सांगितले. ते संधिमर्म असून त्याचे प्रमाण दोन अंगुले आहे. त्याला आघात झाल्यास वेदना, पायाचा ताठरपणा किंवा लंगडेपणा येतो. परिणामांच्या दृष्टीने मर्मांचे जे पाच प्रकार केले आहेत त्यांत गुल्फ हे रुजाकर, म्हणजे वेदना हाच ज्याचा मुख्य परिणाम, अशा वर्गात येते. एकशेसात मर्मांपैकी या वर्गात केवळ आठ मर्मे आहेत : दोन गुल्फ, दोन मणिबंध आणि चार कूर्चशिर. ही यादी शांतपणे पाहावी. मनगट आणि घोटा एका वर्गात. आजच्या वैद्यकात पट्ट्याखाली मज्जातंतू दबण्याची जी दोन उदाहरणे जोडीने शिकवली जातात, कार्पल टनेल आणि टार्सल टनेल, ती याच दोन जागांची. सुश्रुताचार्यांना मज्जातंतूचे आजच्या अर्थाने ज्ञान होते असा दावा आम्ही करीत नाही. तसे म्हणणे म्हणजे ग्रंथाच्या तोंडी आपले शब्द घालणे होय. परंतु या जागा इजा झाल्यास मारत नाहीत, तर दुखत राहतात, हे निरीक्षण त्यांनी नेमके नोंदवले. शिवाय रुजाकर मर्मांत अग्नी आणि वायू यांच्या गुणांचे प्राबल्य सांगितले आहे. जळजळ आणि मुंग्या या दोन लक्षणांना याहून समर्पक चौकट कोणती?

रोगवर्णनाकडे वळल्यास वातकंटक, पाददाह आणि पादहर्ष हे तीन विकार समोर येतात. विषम भूमीवर पाय पडल्याने कुपित झालेला वायू घोट्याच्या आश्रयाने वेदना करतो तो वातकंटक. वाग्भटाचार्य त्यात श्रमाचेही कारण जोडतात. उपनगरांतील पदपथांवरचे उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि रेल्वेच्या पादचारी पुलांच्या पायऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना विषम भूमीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. पित्त व रक्त यांच्यासह वायू कुपित होऊन चालताना विशेषत्वाने तळवे जाळतो तो पाददाह, आणि कफवातामुळे पाय बधिर होऊन झिणझिण्या येतात तो पादहर्ष. टार्सल टनेलचा रुग्ण या तिन्हींच्या सीमारेषेवर उभा असतो. कोणत्या रुग्णात कोणता दोष अग्रेसर आहे हे ठरवणे, हे वैद्याचे पहिले काम.

आता सुईविषयी. हीच गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या विस्मरणात गेली आहे असे आम्हाला वाटते. वातकंटकाच्या चिकित्सेत चक्रदत्ताने वारंवार रक्तमोक्षण, एरंडतेलाचे पान आणि सुयांनी दहन असे तीन उपाय सांगितले आहेत. म्हणजे घोट्याच्या वेदनेसाठी सुई ही आपल्या परंपरेला परकी नाही. फक्त ती तापवलेली आहे. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात पाददाह, पादहर्ष, वातकंटक इत्यादी विकारांत क्षिप्र मर्माच्या वर दोन अंगुलांवर व्रीहिमुख शस्त्राने सिरावेध करण्यास सांगितले. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. वेदना घोट्यात आणि वेध पावलावर, तोही मर्मापासून दोन अंगुले दूर. मर्म टाळून वेध घ्यावयाचा हा संकेत या एका वाक्यात सामावलेला आहे. अग्निकर्माच्या अध्यायातही रोगाचे स्थान, रुग्णाचे बलाबल आणि मर्मे पाहूनच कर्म करावे, असे बजावले आहे.

चिनी परंपरेची वाट येथे वेगळी होते. तिच्यात घोट्याच्या आतल्या हाडाचा उंचवटा आणि टाचेमागची अकिलिस कंडरा यांच्यामधल्या खळगीत ताइशी नावाचा बिंदू आहे. नावाचा अर्थ मोठा ओढा. त्याच उंचवट्याच्या खाली एक त्सुनावर चाओहाय, आणि उंचवट्याच्या वर तीन त्सुनांवर सान-यिन-च्याओ, जेथे पायाच्या तीन यिन वाहिन्या एकत्र येतात असे मानले जाते. घोट्याच्या आतल्या बाजूच्या वेदनेत हे तीन बिंदू चिनी वैद्य सर्वाधिक वापरतात. यांपैकी ताइशीच्या खाली बोट ठेवले तर धमनीचे स्पंदन हाताला लागते. तिच्या लगतच मज्जातंतू. म्हणजे आपण ज्या जागेला मर्म म्हणून जपावयाचे ठरवले, तीच जागा चिनी वैद्याने प्रवेशद्वार म्हणून निवडली. स्थान जवळजवळ एक, पण तेथे काय करावे याचा आदेश निराळा. 'मर्म आणि बिंदू एकच' असे म्हणणाऱ्या मित्रांना आमचे एवढेच सांगणे आहे की, त्यांनी अर्धेच वाक्य म्हटले आहे.

मापाबाबतही असाच घोटाळा होतो. दोन्ही परंपरांत रुग्णाच्या स्वतःच्या बोटाने माप घेतात, ही समानता सुंदर आहे आणि बुटक्या-उंच सर्व रुग्णांना न्याय देणारी आहे. परंतु त्सुन म्हणजे अंगुल नव्हे. एक त्सुन म्हणजे रुग्णाच्या अंगठ्याच्या मधल्या सांध्याची रुंदी, आणि तीन त्सुन म्हणजे चार बोटे जुळवून होणारी रुंदी. चिनी पुस्तकातील तीन हा आकडा अंगुलांत मोजला की सुई भलत्याच ठिकाणी जाते. बिंदूंच्या जागांबद्दल चीन, जपान आणि कोरिया यांच्यातही मतभेद होते. ते मिटवून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ३६१ बिंदूंच्या प्रमाणित जागा प्रसिद्ध केल्या. ज्यांना ही पद्धती शिकावयाची आहे त्यांनी तो ग्रंथ हाताशी ठेवावा. रस्त्यावर मिळणारे रंगीत तक्ते नव्हेत.

चिनी सुई भारतात आली कशी, याविषयी महाराष्ट्रात एक गोड गैरसमज आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेव्हा त्यांनीच ती विद्या आणली असे पुष्कळजण सांगतात. कोटणीस मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. चीनमध्ये त्यांनी युद्धभूमीवर शस्त्रकर्मे केली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. ते परतलेच नाहीत. त्या पाचजणांच्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. अॅक्युपंक्चर भारतात रुजवण्याचे श्रेय जाते ते त्याच पथकातील डॉ. बिजॉयकुमार बसू यांना. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ते ही विद्या शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी तिचा प्रारंभ केला. दुसरा गैरसमज आपल्या बाजूचा. 'सूचीवेद' नावाचा आपला प्राचीन ग्रंथ होता आणि त्यातूनच अॅक्युपंक्चर चीनला गेले, हे व्याख्यानांतून ठासून सांगितले जाते. ज्या ग्रंथाची संहिता कोणी दाखवू शकत नाही त्याच्या आधारावर आपण उभे राहू नये. सुश्रुत आणि चक्रदत्त यांनी दिलेली सुई आपल्या हाती आहे. उसन्या अभिमानाची गरज नाही.

पुण्याचे वैद्य रा. ब. गोगटे यांनी विद्धकर्म आणि अग्निकर्म यांचा जो प्रसार केला, त्यामुळे महाराष्ट्रातील वैद्यांच्या हाती सुई पुन्हा आली. त्याविषयी आम्हाला आदर आहे. परंतु एक तांत्रिक भेद स्पष्ट असावा. विद्धकर्मासाठी बहुधा इंजेक्शनची पोकळ सुई वापरली जाते. तिचे टोक तिरके कापलेले असून तिला धार असते. चिनी सुई भरीव आणि केसासारखी बारीक असते. नेहमीच्या वापरातल्या सुईची जाडी पाव मिलिमीटर इतकी असते. ती ऊतींना कापण्याऐवजी बाजूला सारीत जाते. जी खोली चिनी सुईला चालते ती पोकळ सुईला चालेलच असे नाही, आणि मज्जातंतूच्या अगदी लगत तर मुळीच नाही. दोन्ही पद्धतींची सरमिसळ करून 'सुई म्हणजे सुई' असा व्यवहार करणे अत्यंत घातक आहे.

या उपचाराचा उपयोग किती, याचे प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर ते संयत द्यावे लागेल. टार्सल टनेलमध्ये अॅक्युपंक्चरचा आधार मुख्यत्वे एकेका रुग्णाच्या वृत्तांतांचा आहे. त्याच्या भावंडाचा, कार्पल टनेलचा, अभ्यास बराच अधिक झाला आहे. २०१८ साली कॉक्रेन संस्थेने त्या अभ्यासांचा जो आढावा घेतला, त्यात खोट्या उपचाराच्या तुलनेत अॅक्युपंक्चरचा अल्पकालीन लाभ फारसा दिसत नाही, असा निष्कर्ष होता. याउलट २०१७ साली 'ब्रेन' या नियतकालिकात अमेरिकेतील एका गटाने जे संशोधन प्रसिद्ध केले ते मननीय आहे. विजेच्या सूक्ष्म प्रवाहासह खरी सुई आणि खोटी सुई, दोन्हींनी रुग्णांना बरे वाटले. परंतु मनगटातील मज्जातंतूच्या वहनात सुधारणा दिसली ती केवळ खऱ्या सुईने. विशेष म्हणजे त्यांतील एका गटाला सुया मनगटाजवळ न टोचता विरुद्ध बाजूच्या घोट्याजवळ टोचल्या होत्या. दूरच्या जागी वेध घेण्याची सुश्रुताचार्यांची पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी यावर अवश्य विचार करावा. तथापि मनगटावरचा निष्कर्ष घोट्याला जसाच्या तसा लावता येत नाही, आणि गँगलियनच्या गाठीने दाबलेला मज्जातंतू कोणत्याही सुईने मोकळा होत नाही. तेथे शल्यचिकित्सकच हवा.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. तळवा जळतो एवढ्यावरून निदान होत नाही. सकाळी उठल्यावर पहिली पावले टाकताना टाचेच्या आतल्या बाजूस कळ येत असेल आणि चालू लागल्यावर ती कमी होत असेल, तर विचार प्लँटर फॅशिआचा करावा. कमरेतून वेदना उतरत असेल, टाचेमागची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावली असेल, तर दोष घोट्यात नसून कण्यात आहे. दोन्ही पाय मोज्याच्या आकारात बधिर होत असतील तर मधुमेह. येथे आपल्या उपनगरांचे एक वैशिष्ट्य नोंदवावेसे वाटते. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या भागांत कडक शाकाहारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यांत मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची भर. आहारात बी-१२ कमी, त्यात औषधाने त्याचे शोषण आणखी कमी. असे तळवे सुईने शांत होत नाहीत. रक्ततपासणी करून बी-१२ भरून काढावे लागते.

टार्सल टनेलचा रुग्ण बहुधा एकाच पायाची तक्रार करतो. लक्षणे तळव्यात आणि बोटांत असतात. टाच कधी कधी वाचते, कारण टाचेकडे जाणारी शाखा काहींमध्ये पट्ट्याच्या वरच फुटलेली असते. उभे राहण्याने आणि चालण्याने त्रास वाढतो. घोट्याच्या आतल्या उंचवट्यामागे बोटाने हळूच टिचकी मारली असता तळव्यात झिणझिणी गेली, तर ते टिनेलचे लक्षण. पाऊल वर आणि बाहेर वळवून, बोटे मागे ताणून पाच ते दहा सेकंद धरले असता त्रास वाढतो; ही चाचणी जपानमधील किनोशिता यांनी २००१ साली वर्णिली. दोन्ही चाचण्यांना उपकरण लागत नाही. मज्जातंतू-वहनाची तपासणी मात्र रुग्णालयात करावी लागते, आणि तिचा निकाल सामान्य आला म्हणून विकार नाही असे ठरत नाही.

या तपासणीत आणखी एक कृती आहे, जिच्यासाठी आम्ही हा लेख लिहिण्यास उद्युक्त झालो. घोट्यामागे बोट फिरवून मज्जातंतू जाड झाला आहे का, हे पाहावे. पोस्टेरिअर टिबिअल नर्व्ह ही कुष्ठरोगात नेहमी ग्रासली जाणारी नर्व्ह आहे. डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट देशाने गाठले. तेव्हापासून आपल्या मनातून तो रोगच पुसला गेल्यासारखे झाले आहे. पण उद्दिष्ट गाठले म्हणजे रोग संपला नव्हे; नवे रुग्ण सापडतच असतात. एका बांधकामावर काम करणारा तरुण आमच्याकडे तळव्याच्या जळजळीसाठी आला होता. अन्यत्र त्याच्यावर सुयांच्या अनेक बैठका झाल्या होत्या. टिनेलचे लक्षण होते. तेवढ्यावर थांबलो असतो तर टार्सल टनेल असेच म्हटले असते. परंतु बोटांखाली मज्जातंतू दोरीसारखा लागला, तळव्याला घाम नव्हता, कापसाचा स्पर्श कळत नव्हता आणि मांडीवर एक फिकट बधिर चट्टा होता. त्याने तो कोणालाच दाखवला नव्हता, कारण कोणी विचारलेच नव्हते. त्याला त्याच दिवशी त्वचारोग विभागात पाठवले. कुष्ठरोगातील मज्जातंतूचा शोथ नवा असेल, सहा महिन्यांच्या आतला असेल, तर योग्य औषधांनी गेलेली संवेदना परत मिळण्याची आशा असते. नंतर ती संधी मावळत जाते. सुयांच्या बैठका मोजत काढलेला काळ हा त्या सहा महिन्यांतूनच वजा होतो. बहुविध औषधोपचार शासकीय आणि महापालिकेच्या केंद्रांत विनामूल्य मिळतो. वडाळ्याचे अॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय तर मुंबईत एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे. पाठवण्यास संकोच करू नये.

संवेदना गेलेल्या तळव्यावर अग्निकर्म करणे हा तर उघड अपराध मानला पाहिजे. रुग्णाला चटका कळत नाही, वैद्याला वाटते सहन झाले, आणि आठवड्याने व्रण दिसतो. मधुमेही रुग्णात तो व्रण भरून येत नाही आणि बोट किंवा पाऊल कापण्यापर्यंत पाळी येते. गरम वाळूचा शेक, गरम तेलाची धारा, पायात गरम पाण्याची पिशवी यांनाही हाच नियम लागू. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क ही दोन साधने अल्प किमतीत मिळतात. पंचकर्माच्या कोणत्याही उपकरणापूर्वी ती चिकित्सालयात असावीत असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

तपासणी होऊन निदान टार्सल टनेलचेच झाले, गाठ नाही, संवेदना शाबूत आहे, तर मग सुईचा विचार करावा. प्रत्येक रुग्णासाठी नवी, निर्जंतुक, एकदाच वापरावयाची सुई हवी. ताइशी बिंदूवर प्रथम धमनीचे स्पंदन शोधून ते टाळावे. सुई अर्ध्या ते एक त्सुनाहून खोल जाऊ देऊ नये. जडपणाची, ताणाची भावना आली तर ती चिनी वैद्यांना अपेक्षित असलेली संवेदना. परंतु तळव्यात विजेचा झटका गेल्यासारखे वाटले तर सुई मज्जातंतूला भिडली आहे असे समजून ती तत्काळ मागे घ्यावी, फिरवू नये. पट्ट्यावर भरपूर सूज असेल तर जवळचे बिंदू सोडून दूरचे घ्यावेत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांत विशेष सावधगिरी घ्यावी. गर्भिणीत सान-यिन-च्याओ वर्ज्य मानण्याची चिनी परंपरा आहे, ती पाळावी. पेसमेकर असलेल्यांत विजेचा प्रवाह देऊ नये. वापरलेल्या सुया २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे छिद्र न पडणाऱ्या पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यातच गेल्या पाहिजेत. कचरापेटीत टाकलेली सुई सफाई कामगाराच्या हातात शिरते.

कायद्याची बाजू थोडक्यात. केंद्र शासनाने २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशान्वये नोंदणीकृत व्यावसायिकांना आणि योग्य प्रशिक्षितांना अॅक्युपंक्चर ही उपचाररीत म्हणून वापरण्यास मुभा दिली होती. त्यानंतर महाराष्ट्राने २०१५ चा अॅक्युपंक्चर उपचारपद्धतीविषयक स्वतंत्र अधिनियम केला आणि परिषद व नोंदणीची व्यवस्था आणली. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. स्वतंत्र मान्यतेचा अर्थ स्वतंत्र जबाबदारी असाही होतो. बी.ए.एम.एस. पदवीच्या बळावर फलकावर 'अॅक्युपंक्चरतज्ज्ञ' लिहिण्यापूर्वी परिषदेकडून लेखी खुलासा घ्यावा. सिरावेध, अग्निकर्म यांची गोष्ट निराळी. ती आपल्या अभ्यासक्रमातील कर्मे आहेत.

सुई घेतली किंवा न घेतली तरी आपली मूळ चिकित्सा सुटू नये. वातप्राधान्य असता एरंडतेलाचे पान, स्थानिक स्नेहन, कोमट उपनाह आणि घोट्याला आधार देणारा बंध. दाह अधिक असता शेक टाळून रक्तमोक्षणाचा विचार. यांसह पादत्राणे पाहणे अनिवार्य आहे. रुग्णाला झिजलेली चप्पल घेऊनच यावयास सांगावे. आतली कड झिजली असेल तर पाऊल आत कलते, आणि प्रत्येक पावलागणिक मज्जातंतू ताणला जातो. कमानीला आधार देणारा साधा तळ घातला नाही तर कोणतेही तेल आणि कोणतीही सुई तो ताण रोखू शकत नाही. सुरक्षारक्षकाला बसण्यासाठी स्टूल मिळावे म्हणून आपण दिलेले प्रमाणपत्र कित्येकदा गुग्गुळापेक्षा अधिक काम करते.

शेवटी औषधालय चालवणाऱ्या बंधूंसाठी. टाचदुखीचा ग्राहक प्रथम आपल्याच दुकानात येतो. तेलाची बाटली देण्यापूर्वी त्याला तीन प्रश्न विचारावेत : मधुमेह आहे का, पाय बधिर वाटतो का, अंगावर कोठे न दुखणारा, न खाजणारा चट्टा आहे का. यांपैकी एकाचेही उत्तर 'होय' आले तर त्याला तेल न देता तपासणीसाठी वैद्याकडे पाठवावे. आणखी एक वस्तू आपल्या दर्शनी कपाटात टांगलेली असते : टोकदार उंचवट्यांची अॅक्युप्रेशर चप्पल. मधुमेही आईसाठी ती विकत घेणारा मुलगा प्रेमाने घेत असतो. बधिर तळव्याखाली त्या टोकांनी काय होते हे त्याला ठाऊक नसते. आपल्याला ठाऊक आहे. अशा ग्राहकाला ती चप्पल विकू नये, आणि रोज रात्री आईचे तळवे आरसा धरून पाहावयास सांगावे.